सगळ्यात सावकाश तो पुढे

आमच्या घरात पाहुणा कोण आणि गिऱ्हाईक कोण, हे मला बरीच मोठी होईपर्यंत कळत नव्हतं. काळाचौकीच्या चाळीत एकच खोली, आणि त्या खोलीत आईची खानावळ. सकाळी जाग यायची ती स्टोव्हला पंप मारल्याच्या आवाजाने, आणि मग लगेच पाट्यावर खोबरं वाटल्याचा आवाज सुरू. बुधवारी-शुक्रवारी बांगडा नाहीतर तारली, सोमवारी काळ्या वाटाण्याची उसळ, आणि भात मात्र रोज, टोपभर. पहिली पाळी सुटली की जिन्यावर चपला वाजायच्या आणि गिरणीतली एकटी राहणारी माणसं, कुणाच्या केसात कापसाची भुरी, कुणाच्या बनियनला तेलाचा वास, भिंतीला पाठ लावून ओळीत बसायची. आई वाढायची. मान खाली, नजर ताटाकडे. ती माणसांना चेहऱ्याने कमी आणि हाताने जास्त ओळखायची. कुणाचं बोट मागात अडकून वाकडं झालेलं, कुणाच्या मनगटावर दत्त गोंदलेला. वाकड्या बोटाला आमटी जास्त, दत्ताला गुरुवारी मासे नकोत, हे सगळं तिच्या डोक्यात. मी आणि माझा अभ्यास कॉटखाली.

खानावळ हौसेने सुरू झाली नव्हती. मी लहान असताना बाबांची गिरणी बरेच महिने बंद होती. आजूबाजूच्या चालू होत्या. आईने पहिल्यांदा शेजारच्या दोघांना डबा दिला, मग ते दोघे इथेच बसून जेवायला लागले, आणि दोघांची ओळ कधी झाली ते तिलाही सांगता आलं नसतं. ही बातमी कोकणात तिच्या माहेरी पोचली. तिथे माझा मामा, तिचा थोरला भाऊ. वडील लवकर गेल्यामुळे त्यानेच तिला वाढवलेलं आणि त्यानेच तिचं लग्न लावून दिलेलं. तो मुंबईला आला, दारातून ती ओळ पाहिली आणि आत पाऊलही टाकलं नाही. "परक्या बाप्यांका जेवक घालतंस, जातीचो ना पातीचो. माझ्या दारात पुन्हा येव नको," एवढं बोलून तो आल्या पावली गेला. मला तो प्रसंग आठवत नाही, मामाचा चेहराही आठवत नव्हता. आईला मात्र तो शब्द बसला तो बसलाच. ती पुन्हा माहेरी गेली नाही, आणि त्याबद्दल बोललीही नाही. गौरी-गणपतीला चाळीतल्या बायका माहेरच्या गप्पा करत तेव्हा आई उठून तांदूळ निवडायला बसायची. निवडलेलेच पुन्हा निवडायची.

आता बाबांच्या वेडाकडे येते. बाबा सायकलवाले. म्हणजे सायकलवरून कामावर जाणारे नव्हेत. गिरणी तर चाळीच्या नाक्यावर होती. ते आणि त्यांचे दोन मित्र दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत सायकली काढून मुंबई ते गोवा असे निघायचे. एक होते फ्रान्सिसकाका, खोताच्या वाडीत राहणारे, बँकेत कारकून, बारीक अंगाचे आणि चढावर कुणाला न ऐकणारे. त्यांच्या लाकडी घराच्या जिन्याखाली सायकल अशी टांगलेली असायची की आत जाणारा आधी तिला डोकं आपटायचा आणि मग घरच्यांना नमस्कार करायचा. दुसरे कांबळेकाका, समोरच्या चाळीतले, पालिकेत फिटर, बुद्धविहारातल्या वंदनेला पेटी वाजवणारे. ते फार बोलत नसत, पण बोलले की बाकीचे दोघे हसत बसायचे. तिघांच्याही सायकली काळ्या, जड, बिनगिअरच्या, डिलिव्हरीवाल्यांच्या असतात तशा. आईने शिवलेल्या खाकी पिशव्या कॅरियरच्या दोन्ही बाजूंना लोंबायच्या.

आजकाल पहाटे मी परळच्या नाक्यावर दूध घ्यायला उतरते तेव्हा सायकलवाल्यांचे थवे दिसतात. डोक्यावर हेल्मेट, मागे लुकलुकणारा लाल दिवा, हँडलवर मोबाइल, आणि तो बोलतो तिकडे ही मंडळी वळतात. छान वाटतं बघून. आमच्या बाबांकडे मोबाइल नव्हता, नकाशाही नव्हता. त्यांचा रस्ता चाळीने ठरवलेला. चाळीतलं प्रत्येक घर कोकणातलं, आणि प्रत्येक घराचा निरोप. पेणला जोशीणबाईंच्या दिराला सांगा मुलगी पास झाली, माणगावला आमच्या म्हातारीच्या डोळ्यांचं विचारा, राजापूरला चुलत्याला सांगा फणसाचे गरे पोचले. निरोप तोंडी, आणि निरोप घेऊन आलेल्याला उपाशी पाठवायचं नाही ही कोकणची रीत. त्यामुळे पहिल्या वर्षी ही तीन शहाणी माणसं दर दोन गावांना जेवत गेली. भाकरी, कुळथाची पिठी, आंबोळ्या, वरून "आमच्याकडे काहीच खाल्लं नाही" हा राग. कशेडी घाटाच्या पायथ्याशी तिघेही आडवे. घाट कठीण म्हणून थकलेले सायकलवाले पुष्कळ असतील. आग्रहाला बळी पडून घाटाखाली झोपलेले हेच. फ्रान्सिसकाका बाबांना म्हणाले होते, "अरे दत्ता, या रोडवर तुझा कोण सासराबिसरा बाकी राहिला काय? नाय म्हणजे पोटात आता जागा नाय राहिली." सासरा हा शब्द निघाल्यावर बाबा गप्प झाले होते, असं कांबळेकाकांनी मला पुढे सांगितलं.

या तिघांचे दोन नियम होते. पहिला नियम एका फजितीतून आला. कांबळेकाका मागे असताना त्यांची चेन तुटली आणि पुढचे दोघे गाणी म्हणत बरेच लांब निघून गेले. चहाच्या टपरीवर बसून वाट बघताहेत, आणि कांबळेकाका उन्हात सायकल ढकलत येताहेत. आल्यावर ते एवढंच म्हणाले, "तुमची गाणी चांगली होती, दोन कडवी ऐकू आली." तेव्हापासून ठरलं, सगळ्यात सावकाश चालवणारा सगळ्यात पुढे. तो जाईल त्या वेगाने बाकीच्यांनी जायचं, तो वळेल तिकडे वळायचं. मागच्याला थांबायचं असेल तर त्याने घंटी लांब वाजवायची, की सगळे थांबणार. रस्त्यात वाद नाही. वाद काय तो मुक्कामाला. दुसरा नियम बाबांचा. कुणाच्याही दारात जेवायचं तर तिघांनी एका ओळीत बसून, नाहीतर पाणी पिऊन निघायचं. तो नियम का करावा लागला हे तेव्हा कुणी मला समजावलं नाही. कांबळेकाकांना आडनाव विचारलं गेलं की बाबांचा हात हँडलवर जायचा, एवढं मी पुढे स्वतःच पाहिलं.

ते परत आले की आमच्या खोलीत गर्दी व्हायची. बायका निरोपांचे उलटे निरोप घ्यायला यायच्या. म्हातारीचे डोळे बरे आहेत, वासरू झालं, विहिरीचं काम अडलं. बाबा सांगत, फ्रान्सिसकाका त्यात मीठमसाला घालत, आणि आई चहा गाळत सगळं ऐकायची. प्रत्येक गाव ऐकायची. सगळ्या बायका गेल्या की ती कप विसळता विसळता विचारायची, "फाट्यावरचा वड आहे का हो अजून?" बाबा म्हणत, "आहे." तो तिच्या गावाचा फाटा. गावाचं नाव मी लिहीत नाही, आमची माणसं अजून तिथे आहेत. बाबा दरवर्षी त्या वडाखालून जायचे आणि वळायचे नाहीत. मानी माणूस. ज्या दारात बायकोला मज्जाव, त्या दारात आपण कशाला जायचं. आणि आईला दरवर्षी वडावर समाधान मानावं लागायचं. एकदा मी तिला विचारलं, तुला मामाची आठवण येते का? ती म्हणाली, "त्याने मला खांद्यावर घेऊन शाळेत सोडलंय गो. आठवण कशी येणार नाही?" आणि मिरच्या घेऊन लालबागच्या डंखावर मसाला कुटायला निघून गेली.

मी सायकल शिकले कॉटन ग्रीनच्या गोदामांमधल्या रस्त्यांवर. रविवारी तिथे चिटपाखरू नसायचं, नुसते गाठोड्यांचे ढीग आणि कुत्री. कॉलेजात गेल्यावर मी बाबांच्या मागे लागले की या दिवाळीला मी येणार. बाबांनी नेहमीचं कारण काढलं, मुलीची जात, लोक काय म्हणतील. आई भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "लोकांचं मला सांगू नका. लोक काय म्हणतात ते ऐकूनच बसलेय मी इतकी वर्षं. जाऊ दे तिला." मला तेव्हा आनंदात काही सुचलं नाही. आता वाटतं, आईला नियम ठाऊक होता. बाप्यांच्या त्या टोळीत सगळ्यात सावकाश कोण असणार, हेही तिला ठाऊक होतं. म्हातारपणी मी तिला तसं सरळ विचारलं, तर म्हणाली, "मला काय ठाऊक तुमचे नियम," आणि पदराने तोंड पुसलं.

तर मी पुढे. पनवेलपर्यंत ऐटीत, पेणला मांड्यांत गोळे, महाडला रडू. बसायच्या जागेचं तर नावच काढू नये. मागून तीन बापे माझ्या गोगलगायीच्या चालीने येत होते आणि कुणी चकार शब्द काढत नव्हतं. फ्रान्सिसकाका शीळ घालायचे, तीही मला पळायला लावणार नाही अशा चालीची. घाटात मी उतरून ढकलायला लागले तर ते तिघेही उतरले. भुकेला आईचे खोबऱ्याचे लाडू आणि सुकटाची चटणी. पिशवी उघडली की वासाने वाटेतली कुत्री गोळा व्हायची. दिवाळीचे दिवस, भात कापून रचलेला, अंगणात पोहे कांडण्याचा आवाज, घराघरावर आकाशकंदील. घरोघरी निरोप देताना लोक माझ्याकडे बघून आधी गप्प होत आणि मग एखादी म्हातारी माझे पाय चेपायला बसे. माझ्या साऱ्या आयुष्यात माणसांनी मला इतकं फुकट प्रेम दुसऱ्या कुठल्या पंधरवड्यात दिलं नाही. राजापूर ओलांडलं तसे बाबा गप्प गप्प झाले.

दुपार चढत होती. समोर एक मोठा वड दिसला, त्याच्याखाली एसटीचा थांबा, आणि पाटीवर गावाचं नाव. डावीकडे लाल मातीचा रस्ता. ते नाव मी जन्मभर नुसतं ऐकलेलं, लिहिलेलं प्रथमच पाहत होते. मी काही ठरवून निघाले नव्हते हे शपथेवर सांगते. पण मला एकदम आईचं ते कप विसळणं दिसलं, आणि मी हँडल डावीकडे वळवलं. मग मागच्या घंटीची वाट बघत राहिले. बाबांनी घंटी वाजवली असती तर मला थांबावंच लागलं असतं. लाल मातीवर चार सायकलींच्या चाकांची करकर तेवढी ऐकू येत होती. घंटी वाजली नाही.

घर शोधावं लागलं नाही, विहिरीजवळचं पहिलंच. पडवीत बाकावर एक उंच, वाळका माणूस सुपारी कातरत बसला होता. नाक अगदी माझ्या आईचं. त्याने आधी मला पाहिलं, मग बाबांना, आणि अडकित्ता खाली ठेवून तो तडक आत निघून गेला. आम्ही सायकली धरून अंगणात उभे. बाबा हळूच म्हणाले, "पाहिलंस ना? चल आता." तेवढ्यात मामी पदर सावरत बाहेर आली, माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ह्या तर शालूचा चेडू. ये गो बाय. हातपाय धुव." मामीने नवऱ्याला विचारलं नाही. पाणी दिलं, गूळ दिला, आणि पडवीत केळीची चार पानं मांडली.

पानं मांडलेली बघून मामा पुन्हा बाहेर आला. बाबांशी न बोलता त्याने बाकीच्या दोघांकडे पाहून विचारलं, "हे कोण?"

"फ्रान्सिस. गिरगाव, खोताची वाडी," फ्रान्सिसकाका म्हणाले.

"कांबळे. काळाचौकी," कांबळेकाकांनी सांगितलं, आणि ते सवयीने सायकलींच्या दिशेला एक पाऊल मागे सरले. मामाने मांडलेल्या पानांकडे पाहिलं. त्या बघण्याचा अर्थ अंगणातल्या सगळ्यांना कळला.

बाबा शांतपणे म्हणाले, "आमी चौगाय एकाच ओळीत बसतव. जमलां तर बसतव, नायतर पाणी पिऊन जातव. राग नाय." मामी भाताचा टोप घेऊन दारात थांबलेली. मला वाटलं, झालं, आता आईचं माहेर कायमचं गेलं, आणि ते मी घालवलं.

मामा माझ्याकडे वळला. "तुझी आवस अशीच बसयता सगळ्यांका? एका ओळीत?"

"हो मामा. ज्याला भूक लागते त्याला."

"आणि लोक काय बोलतत?"

"लोक जेवतात आणि कामाला जातात," मी म्हणाले. "बोललात ते तुम्हीच. बाकी आजपर्यंत कुणी काही बोललं नाही."

माझ्या वयाच्या मुलीने त्या घरात असं बोलणं म्हणजे आगाऊपणाच. बाबांनी खाली पाहिलं. मामाने मामीच्या हातातून टोप घेतला आणि म्हणाला, "बसा." आम्ही बसलो. टोकाला फ्रान्सिसकाका, त्यांना त्याने भात वाढला. पुढचं पान कांबळेकाकांचं. तिथे त्याचा हात थांबला. मी शेजारीच होते, मी पाहिलं. मग भात पानावर पडला. कांबळेकाकांनी पानाकडे बघितलं आणि म्हणाले, "आणखी थोडा." मामाने आणखी वाढला. फ्रान्सिसकाकांना ठसका लागला तो हसण्याचा होता की तिखटाचा, हे त्यांनी कधी कबूल केलं नाही. एका बैठकीत माणूस बदलतो असलं काही मी सांगणार नाही. पुढेही मामाचं आणि बाबांचं कधी फारसं जमलं नाही. पण त्या दुपारी वाकून, कमरेवर हात ठेवून, तो चौघांना शेवटच्या ताकापर्यंत वाढत होता, आणि वाढताना त्याची नजर आईसारखीच पानावर होती.

निघताना तो विहिरीपर्यंत आला. माझ्या सायकलीचं सीट दाबून पाहिलं, जसं काही बैल पारखतोय. मग दुसरीकडे बघत विचारलं, "सगळ्यांचा जेवान झाल्यावर ती कधी जेवता?"

"चार वाजतात, मामा. कधी पाच."

वडापर्यंत मी वळून वळून पाहिलं तर तो विहिरीपाशीच होता. मुक्कामाला वाद करायचा नियम होता, पण त्या मुक्कामाला बाबांनी वाद केला नाही. माझ्या पोटऱ्यांना खोबरेल तेल चोळून देत होते. "पाय तयार झाले तुझे," एवढंच म्हणाले.

घरी आल्यावर नेहमीसारख्या बायका जमल्या, निरोप झाले, चहा झाला. सगळ्या गेल्यावर आईने कप विसळायला घेतले आणि वडाचं विचारलं. मी सांगितलं, वड आहे, आणि तुझ्या दादाने आम्हाला भात वाढला. एका ओळीत. आईच्या हातातला कप पाण्यात तसाच राहिला. तिने खोदून खोदून विचारलं. भाजी कसली होती, ताक आंबट होतं का, त्याचे केस पिकले का, अजून उजवा पाय ओढत चालतो का. पण तो काय म्हणाला हे विचारलं नाही, आणि मीही ते चार वाजताचं सांगितलं नाही. ते सांगायचं त्याचं त्याने सांगावं असं मला वाटलं.

थंडी संपत आली होती. पहिली पाळी सुटून ओळ बसलेली, मी आमटीचं पातेलं धरून आईच्या मागे. दारात एक उंच माणूस पिशवी घेऊन उभा राहिला. मी ओळखलं, तोंड उघडणार, तर त्याने बोटाने गप्प राहायची खूण केली. चपला काढल्या, आत आला आणि ओळीच्या टोकाला, वाकड्या बोटाच्या शेजारी, भिंतीला पाठ लावून बसला. ज्या उंबऱ्यावरून तो माघारी गेला होता तो हाच. आई नेहमीसारखी मान खाली घालून वाढत वाढत येत होती. टोकाच्या ताटाशी आली, भात घालायला वाकली, आणि तिला तो हात दिसला. मी तिच्या मागे होते, तिचा चेहरा मला दिसला नाही. तिने भात वाढला, मला आमटी घालायला सांगितली, आणि परत पहिल्या ताटापासून सुरू झाली, कारण पाळीची माणसं, त्यांना खोळंबून चालत नाही. फेरी पुरी करून ती पुन्हा टोकाशी आली तेव्हा तिने मामाला न विचारता आणखी भात घातला. तो नको म्हणाला नाही.

खानावळीत जेवण झालं की आपलं ताट आपण मोरीवर नेऊन विसळायचं. एकेक माणूस उठला, ताट विसळलं, गेला. मामाने सगळ्यांचं बघून ठेवलं होतं. सगळ्यात शेवटी तोही उठला, आपलं ताट घेतलं आणि मोरीशी जाऊन वाकला. तेव्हा आई त्याच्याशी पहिल्यांदा बोलली.

"दादा, ठेव ता ताट. तू खानावळीतलो न्हय."

मामा ताट हातात धरून मोरीपाशी तसाच उभा राहिला, आणि आई ते त्याच्या हातातून ओढून घेता घेता रडायला लागली.